पाय घसरला

मराठीत पाय घसरतो. तेल कोणी सांडलेलं नसतं, फरशी कोणी ओली ठेवलेली नसते, घाई कोणी लावलेली नसते. पाय आपला आपणच घसरतो. आणि अमक्याचा पाय घसरला म्हटलं की गावात लोक गालातल्या गालात हसतात, म्हणजे त्यानं काही वाईट चालीचं केलं. पडणाऱ्याचीच चूक. चौकशी व्हायच्या आधीच भाषेनं निकाल देऊन टाकलेला.

मी पडलो तेव्हा मीही हेच बोललो. लोकांनी उचललं, विचारलं काय झालं रे, मी म्हणालो, काही नाही, पाय घसरला. पुढं अडीच-पावणेतीन वर्षं कामगार न्यायालयात जे चाललं ते सगळं ह्या दोन शब्दांना खोडण्यासाठी चाललं. त्यातून तीन प्रश्न माझ्यापुढं उभे राहिले. दोनांची उत्तरं मला सापडली असं वाटतं. तिसऱ्याचं नाही. म्हणून लिहितोय. संपादक म्हणतो तुझं अक्षर लागत नाही, स्टेन्सिल कापायला त्रास होतो. त्याचं कारणही ह्याच लेखात आहे.

जून २०२१, तिसरी पाळी, रात्रीचे अडीच. मराठवाड्यातली एक सूतगिरणी. मी रिंग फ्रेमवर डॉफर होतो, वय बावीस. डॉफर म्हणजे भरलेल्या बॉबिनी उपसायच्या, रिकाम्या चढवायच्या. त्या वेळात फ्रेम उभी असते, आणि फ्रेम उभी राहिली की सुपरवायझरच्या पोटात गोळा उठतो. म्हणून डॉफर चालत नाही, पळतो. दोन फ्रेमच्या मधल्या वाटेत गिअरचं तेल दोन दिवस ठिबकत होतं. वर ह्युमिडिफिकेशनच्या डक्टमधून पाणी गळत होतं. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागते, सुताची तेवढी काळजी असते. तेलावर कोणीतरी वेस्ट कापूस टाकून ठेवला होता. कापसाखालचं तेल दिसत नाही. ट्रॉली घेऊन पळताना मी गेलो तो सगळा भार उजव्या हातावर. मनगट मोडलं. हाड जुळलं ते वाकडं जुळलं. आता मनगट नीट वाकत नाही, आणि अंगठा नि पहिलं बोट एकमेकांना घट्ट धरत नाहीत. तुटल्या सुताला सांधा मारायचं काम ह्याच दोन बोटांचं. पेनही तीच धरतात.

चौथ्या दिवशी मुकादम घरी आला. मुकादम कोण, तर आपलाच माणूस. जयभीम घालणारा, जयंती कमिटीचा खजिनदार. मला कंत्राटात कामाला लावणाराही तोच. त्यानं पंधरा हजार रुपये मायच्या हातात ठेवले. म्हणाला, "चेअरमनसायबानं मदत केली. आपल्या पोरासाठी मी शब्द टाकला." मग कागद काढला. टाइप केलेला. मी माझ्या निष्काळजीपणामुळे पडलो, मला मदत मिळाली, माझी काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये. मी म्हणालो डाव्यानं सही करतो. मुकादम म्हणाला, "कशाला तरास, अंगठा दे."

दोस्तहो, माझ्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. आजोबाचा अंगठा, बापाचा अंगठा, मायचा अंगठा. मी दहावी करून गिरणीत गेलो, बाकीचं वाचनालयात बसून शिकलो, कविता छापून आल्या त्याखाली माझं नाव. त्या दिवशी मी अंगठा दिला. शाई पुसायला मुकादमानं स्वतःचा रुमाल दिला. आणि खोटं कशाला बोलू, त्या घटकेला मला बरं वाटलं होतं. घरात पंधरा हजार एकदम आले होते.

पुढं हात सुधारेना. कंत्राटदारानं नाव कमी केलं. तेव्हा तालुक्यातल्या एका वकिलानं सांगितलं की दावा होतो. आमच्या भागात त्या वेळी ईएसआय लागू नव्हती, म्हणून दावा थेट १९२३ च्या कामगार नुकसान भरपाई कायद्याखाली करायचा. माय म्हणाली, "घेतले ना पैशे? अंगठा दिला ना? मंग आता कोर्टात कामून?" तिचं म्हणणं साधं होतं. दिलेला शब्द आहे. गरिबाजवळ शब्दाशिवाय दुसरं काय असतं?

हा पहिला प्रश्न. शब्द मोडला का मी?

वकील म्हणाला, त्याची काळजी नको, १७ वं कलम आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगारानं केला तरी त्या कायद्यापुढं तो रद्दच. कोर्टात मी सुटणार होतो. पण कायद्यानं सुटणं आणि मनानं सुटणं ह्या दोन गोष्टी आहेत. मी कितीतरी रात्री ह्यावर घालवल्या. शब्द कधी शब्द असतो? समोरच्याला नाही म्हणता आलं असतं तर. मी नाही म्हणालो असतो तर पंधरा हजार परत जाणार होते, दवाखान्याचं बिल तसंच राहणार होतं, आणि मुकादमाच्या हातात माझ्या धाकट्या भावाचं कामही होतं. तो तोंडानं काही बोलला नाही. त्याला बोलायची गरज नव्हती. उपाशी माणसाचा अंगठा हा त्याचा शब्द नव्हे, एवढं शंभर वर्षांपूर्वीच्या साहेबाच्या सरकारला कळलं होतं, आणि माझ्या समाजाच्या खजिनदाराला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं.

पण मला बरं वाटलं होतं त्याचं काय? म्हणून मी वकिलाला सांगितलं की जी रक्कम येईल त्यातून हे पंधरा हजार वजा करा. तो हसला. पक्षकार स्वतःहून वजाबाकी मागतो हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. कागदातल्या "पुढे काही मागणार नाही" ला मी बांधील नव्हतो. घेतलेल्या पैशाला होतो. माझ्यापुरतं मी हे असं मिटवलं.

दुसरा प्रश्न चुकीचा. कागदातलं पहिलं वाक्य, "माझ्या निष्काळजीपणामुळे". ते सगळंच खोटं नव्हतं. मी पळत होतो. पायात रबरी चप्पल होती, बूट कोणी दिले नव्हते. वकील म्हणाला, चपलेचं बोलू नको. मी विचारलं, बोललो तर केस जाईल का? त्यानं जरा विचार करून सांगितलं, नाही, जाणार नाही. मग न बोलायला कशाला सांगता? "सवय," म्हणाला.

इथून मी वाचायला लागलो. इंग्लंडात १८३७ साली एक खटला निकालात निघाला. खाटकाच्या नोकराला मालकानं माल घेऊन गाडीवर पाठवलं. गाडी जास्त लादलेली, ती मोडली, पोराची मांडी मोडली. त्यानं मालकावर दावा केला. ज्यूरीनं शंभर पौंड दिले. वरच्या कोर्टानं ते काढून घेतले. कोर्ट म्हणालं, धोका नोकरालाही दिसत होता, नको होतं तर काम करायचं नव्हतं. त्या निकालापासून साठ वर्षं तिकडचे कामगार एकच ऐकत राहिले, तुझीच चूक, नाहीतर तुझ्या सोबत्याची. १८९७ साली तिकडं नवा कायदा झाला आणि आपल्याकडं १९२३ साली, १ जुलै १९२४ पासून लागू. ह्या कायद्यानं प्रश्नच बदलला. काम करताना आणि कामामुळं इजा झाली का? झाली ना? मग भरपाई मालकानं द्यायची. कामगार दारू प्यालेला असेल, सुरक्षेचा हुकूम जाणूनबुजून मोडला असेल, यंत्राचं संरक्षण मुद्दाम काढलं असेल, तर गोष्ट वेगळी, आणि मरण आलं किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर तेही चालत नाही. पळणं ह्या यादीत नाही. चप्पल नाही.

म्हणजे चूक कोणाची, हा एक प्रश्न. नुकसान कोणी सोसायचं, हा दुसरा. हे दोन वेगळे आहेत हे कळलं त्या दिवशी मी वाचनालयात खुर्चीवरून उठून उभा राहिलो. कारण आपल्या लोकांना हजारो वर्षं हे दोन्ही एकच म्हणून सांगितलं गेलं. तू सोसतोस म्हणजे तू चुकलास. ह्या जन्मी नसशील तर मागच्या जन्मी. ढोर ओढतोस, चुकला असशील. गावाबाहेर राहतोस, चुकला असशील. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये मागच्या जन्माच्या कर्माचा हा हिशेब फेटाळला तो उगीच नाही. आणि धम्म स्वीकारलेला मुकादम माझ्याकडं कागद घेऊन आला त्याचं पहिलं वाक्य तोच हिशेब होता, फक्त टाइप केलेला. आपण देवघर रिकामं केलं. आता कागदांकडं बघायला पाहिजे.

तर मी पिंजऱ्यात उभा राहून सगळं सांगितलं. पळत होतो, चप्पल होती. मिलचा वकील खूश झाला. मग माझ्या वकिलानं १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचं ३२ वं कलम वाचलं. फरशा, पायऱ्या, येण्याजाण्याच्या वाटा ह्यांवर माणूस घसरेल असा पदार्थ राहू द्यायचा नाही. घसरण्यावर सरकारनं कलम लिहिलेलं आहे हे मला माहीतच नव्हतं! बारा-बारा तास त्या वाटेनं पळणाऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. (हे दोन्ही जुने कायदे २१ नोव्हेंबर २०२५ ला गेले, त्यांच्या जागी संहिता आल्या. भरपाईचं प्रकरण आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कार्यकर्त्यांनी नवीन कलमांचे आकडे पाठ करावेत, जुने विसरावेत.)

आपल्या मंडळातल्या काही दोस्तांनी त्या वेळी माझी टर उडवली. एक म्हणाला, हात विकायला निघालास. दुसरा म्हणाला, कोर्टात जाणं म्हणजे ह्या व्यवस्थेच्या पाया पडणं. दुसऱ्याला उत्तर सोपं आहे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यालो, हे आपण दर वर्षी सांगतो. त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला आणि बाबासाहेब तो लढत राहिले, मुंबई हायकोर्टाचा निकाल १९३७ साली लागला, हे किती जण सांगतात? दहा वर्षं. तळ्यावर जायला एक दिवस लागला.

पहिल्या दोस्ताचं बोलणं मात्र मला लागलं. कारण कायद्यात खरंच भावाची यादी आहे. अंगठा गेला तर शेकडा ३०. पहिलं बोट पूर्ण गेलं तर १४. मधलं १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं, ७. एक डोळा गेला, दुसरा शाबूत, तर ४०. वाचताना खाटकाच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटतं. माझ्यासारखं न वाकणारं मनगट यादीत नाही, तिथं डॉक्टर आकडा सांगतो. माझा डॉक्टर म्हणाला २०, मिलचा म्हणाला ८, कोर्टानं २० धरले. मग हिशेब असा: पगार ९,०००, त्याचे शेकडा ६० म्हणजे ५,४००, गुणिले बावीस वयाचा आकडा २२१.३७, त्याचे शेकडा २०. दोन लाख एकोणचाळीस हजार एकोणऐंशी रुपये, साठ पैसे. साठ पैसे सुद्धा लिहिले होते.

पण ही यादी वाईट म्हणून फेकून देण्याआधी आपण कुठून आलो ते बघू. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढून काढावा लागे, आणि आपल्या तोंडाचा धागा विटाळलेला. पगार त्या खात्यात जास्त, आपण कमी पगाराच्या खात्यांत. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हे जाहीरपणे मांडलं. म्हणजे तेव्हाही गिरणीत शरीराचा हिशेब होताच, आपलं तोंड शून्य धरलं होतं. यादीत निदान अंगठा कोणाचा हे विचारत नाहीत. बामणाचा ३०, महाराचा ३०. एकलव्याला कोणी ३० दिले नव्हते.

मी इथवर आलो आणि खूश झालो. मग परत गुणाकार बघितला. शेकडा सारखा, पण गुणायचा पगाराशी. (तोही १५,००० पर्यंतच धरत होते, जानेवारी २०२० पासून. त्याआधी ८,०००.) कंत्राटातल्या डॉफरचा अंगठा कायमच्या फिटरच्या अंगठ्याहून स्वस्त. आणि कंत्राटात डॉफर कोण, कायम फिटर कोण, हे खात्यात एक चक्कर मारली तरी कळतं. जात पुढच्या दारानं बाहेर गेली, पगाराच्या दारानं आत आली. तरी मी म्हणतो दावा करा. "मदत" घेताना मान खाली जाते, देणाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. भरपाईच्या निकालात चेअरमनचं तोंड कुठंच नव्हतं. नुसता आकडा होता. मी हात विकला नाही. तो आधीच गेला होता, फुकट.

आता तिसरा प्रश्न.

मिलनं म्हटलं हा आमचा कामगारच नाही, कंत्राटदाराचा. त्याला कायद्यात उत्तर होतं, १२ वं कलम, कंत्राटातल्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मग कंत्राटदारानं म्हटलं हा मिलमध्ये पडलाच नाही, घरी मोरीत पडला. अपघाताच्या वहीत नोंद नव्हती. म्हणजे साक्षीदार पाहिजे. मला उचलणारा माझ्या शेजारच्या फ्रेमवरचा सोबती. तो आपल्यातला नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला मराठा, माझ्यासारखाच कंत्राटात. आम्ही एका डब्यात जेवायचो, गावात मात्र तो माझ्या घरी पाणी पीत नव्हता. तेही खरं सांगतो.

वकील म्हणाला, समन्स काढू. कोर्टाचा कागद गेला की त्याला यावंच लागेल. मी नको म्हणालो. नुकताच मी हक्काचा आणि शब्दाचा एवढा विचार केला होता. जबरदस्तीचा अंगठा हा शब्द नव्हे, तर जबरदस्तीची साक्ष कशी चालेल? त्यानं आपल्या मनानं यावं. मी त्याच्याकडं गेलो, म्हणालो, येशील का? त्यानं विडी संपेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "येतो. म्या तर बघितलंय."

तो आला. तीन वाक्यं बोलला. हा माझ्यासमोर पडला, तिथं तेल होतं, मी उचलला. केस त्या तीन वाक्यांवर उभी राहिली. पुढच्या महिन्यात कंत्राटदारानं त्याचं नाव कमी केलं.

समन्स असतं तर तो म्हणाला असता, काय करू, कोर्टानं बोलावलं. कंत्राटदारानं कदाचित ऐकलं नसतं, कदाचित ऐकलं असतं. ती ढाल त्याच्या हातात द्यायची माझ्या हातात होती. मी दिली नाही. मला त्याची साक्ष शुद्ध पाहिजे होती. आणि काम जाईल हे मला माहीत होतं, ते मी त्याला तोंडानं सांगितलं नाही. त्यालाही माहीत असेल असं धरून चाललो. मुकादमही माझ्यासमोर असाच गप्प बसला होता. नुकसान कोणी सोसायचं, हा प्रश्न चुकीपासून वेगळा, असं मी वरती मोठ्या तोंडानं लिहिलं. हे नुकसान माझ्या दाव्यामुळं झालं. त्याचा शेकडा कुठल्याच यादीत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला निकाल लागला. वजाबाकी होऊन, व्याज धरून, वकिलाची फी जाऊन पैसे हातात आले. मी आता दुसऱ्या गिरणीत कोन पॅकिंगला आहे, तिथं बोटांचं काम कमी. सोबती तोवर बायकोला घेऊन ऊसतोडीला जाऊ लागला होता, उचल घेऊन. दिवाळीआधी टोळी निघायच्या आदल्या दिवशी मी चाळीस हजार घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं चहा केला. मी पैसे पुढं केले.

तो म्हणाला, "ही मदत हाय का भरपाई?"

त्याला हे शब्द मीच शिकवले होते, डबा खाताना. मदत म्हणालो असतो तर मी चेअरमन झालो असतो. भरपाई म्हणावं तर मी त्याचा मालक नव्हतो, आणि चाळीस हजारांत ते भरलंही जात नव्हतं. मी काहीच बोललो नाही. त्यानं गड्डीतून आठ हजार मोजून काढले, बाकी माझ्याकडं सरकवले. "एवढे उसने घेतो. सीझन संपला की देतो."

मे महिन्यात तो आला. आमच्या घरी, आत येऊन बसला, मायनं दिलेलं पाणी प्याला. पाच हजार दिले. म्हणाला तीन राहिले. मी मोजून घेतले.